फोटो एडिटिंगसाठी कॉम्प्युटर जोडताय? सुरुवात मॉनिटरपासून करा

दुकानात जा आणि फक्त एवढंच सांगा, “फोटो एडिटिंगसाठी पीसी असेंबल करायचाय.” बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, “ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकू?” मग प्रोसेसर ठरतो, मग रंगीत दिवे लागणारं काचेचं कॅबिनेट, आणि सगळं झाल्यावर उरलेल्या पैशांत बसेल तो मॉनिटर. गेम खेळणाऱ्यांसाठी ही यादी उत्तम आहे. तुम्हाला मात्र ती खालून वर वाचायची आहे.

असं का, ते एका शालूवरून समजून घेऊया. नवरीचा शालू मोरपंखी आहे. तुमच्या स्क्रीनवर तो जरा निळसर दिसतो, म्हणून तुम्ही त्यात थोडा हिरवा वाढवता. आता तुमच्या डोळ्यांना तो बरोबर वाटतो. अल्बम छापून येतो आणि नवरीची आई विचारते, “ताई, आमचा शालू इतका हिरवागार कुठे होता?” कॅमेऱ्याने रंग बरोबर टिपला होता. चूक मॉनिटरची होती आणि त्यावर विश्वास ठेवून तुम्ही चांगला फोटो मेहनतीने बिघडवलात. घरून साड्या विकणाऱ्यांचंही तेच. “फोटोत रंग वेगळा होता” म्हणून पार्सल परत येतं आणि कुरियरचा भुर्दंड विकणाऱ्याला. प्रोसेसर कितीही वेगवान घ्या, तो चुकीचा रंगही तितक्याच वेगाने दाखवेल.

म्हणून माझा हिशोब साधा आहे. एकूण बजेट १०० रुपये असेल तर त्यातले किमान २५ रुपये आधी मॉनिटरसाठी बाजूला काढा. राहिलेल्या ७५ मध्ये बाकीचं बसवा.

मॉनिटर घेताना पहिली अट, पॅनल आयपीएस हवा. स्वस्त टीएन पॅनलमध्ये मान जरा वर-खाली केली तरी रंग आणि उजेड बदलतो. मग चेहरा गोरा करायचा की तसाच ठेवायचा, हे तुमच्या बसण्यावर ठरायला लागतं! दुसरी अट, बॉक्सवर एसआरजीबीचा आकडा ९९ किंवा १०० टक्के असावा. एसआरजीबी हे रंगांचं मोजमाप एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आणलं. मोबाईल, वेबसाईट आणि बहुतेक प्रिंटिंग लॅब आजही तेच गृहीत धरतात. अडोबी आरजीबी हे त्याहून मोठं मोजमाप आहे. त्यात हिरवे आणि मोरपंखी छटांचे रंग जास्त बसतात, पण तसा मॉनिटर महाग असतो. तुमची लॅब एसआरजीबीतल्या जेपीईजी फाइल्स मागत असेल, तर तो खर्च सध्या करू नका. तिसरी गोष्ट म्हणजे ‘डेल्टा ई’. खरा रंग आणि दिसणारा रंग यांच्यात किती फरक आहे, ते हा आकडा सांगतो. २ पेक्षा कमी असेल तर छान.

सध्या बऱ्याच मॉनिटरवर मोठ्या अक्षरात ‘डीसीआय-पी३’ लिहिलेलं असतं. जास्त रंग म्हणजे जास्त चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण अशा स्क्रीनवर साधे फोटो भडक दिसू शकतात. त्यांच्या मेनूत एसआरजीबी मोड आहे की नाही, ते विचारून मगच पैसे द्या.

आकाराचं म्हणाल तर २७ इंच आणि २५६० गुणिले १४४० रिझोल्यूशन ही माझी पसंती. बजेट कमी असेल तर २४ इंची फुल एचडी चालेल, आणि तो आयपीएस असेल तर स्वस्तातल्या मोठ्या स्क्रीनपेक्षा नक्कीच बरा. फक्त एक लक्षात ठेवा, फुल एचडी स्क्रीनवर साधारण २१ लाख पिक्सेल असतात आणि २४ मेगापिक्सेलच्या फोटोत २ कोटी ४० लाख. शंभर टक्के झूम केलं की फोटोचा जेमतेम बारावा भाग समोर दिसतो.

मॉनिटर घरी आल्यावर पहिलं काम ब्राइटनेस कमी करण्याचं. “स्क्रीनवर मस्त दिसतात, पण प्रिंट काळपट येतात,” ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. दोष बऱ्याचदा लॅबचा नसतो, स्क्रीनच गरजेपेक्षा जास्त उजळ ठेवलेली असते. एक कोरा पांढरा कागद खोलीच्या नेहमीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा रंग साधारण तेवढाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. विंडोजमधलं ‘नाईट लाईट’ बंद ठेवा, ते सगळ्या फोटोंना पिवळी झाक आणतं. हळदीच्या फोटोंवर काम करताना तर विचारूच नका. मग त्वचा, पांढरं कापड आणि गडद साडी असलेला एक फोटो लॅबला पाठवून त्याची एक प्रिंट मागवा आणि स्क्रीनशेजारी धरून बघा. रंग मोजणारं कॅलिब्रेटर नावाचं यंत्र मिळतं, पण ते महाग आहे. ओळखीच्या तीन-चार फोटोग्राफरनी मिळून एक घेतलं तरी सगळ्यांचं काम भागतं.

आता रॅम. इथे थोडं गणित करूया. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचं जोडपान बहुतेकदा १२ बाय ३६ इंचांचं असतं. ३०० डीपीआयला ते ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल होतं, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. साध्या ८ बिटमध्ये अशा एका पूर्ण लेयरला सुमारे ११७ एमबी जागा लागते, १६ बिटमध्ये त्याच्या दुप्पट. बॅकग्राउंड, फुलांची नक्षी, चार-पाच फोटो, अक्षरं असं करत दहा-बारा लेयर सहज होतात. त्यात फोटोशॉप मागच्या पायऱ्याही लक्षात ठेवतं, शिवाय ब्राउझरमध्ये गाणी चालू. ८ जीबी रॅम इथे केव्हाच संपते आणि कॉम्प्युटर गुडघे टेकतो.

लाइटरूम क्लासिकसाठी अडोबी स्वतः किमान ८ जीबी मागते आणि १६ जीबीची शिफारस करते. घरचे फोटो आणि साड्या-दागिन्यांचे फोटो यांना १६ जीबी पुरते. अल्बम डिझाइन करणार असाल तर ३२ जीबी. एक अडचण आहे. २०२५ च्या शेवटी शेवटी एआय डेटा सेंटरची मागणी वाढली आणि रॅमचे भाव चांगलेच चढले. त्यामुळे मागच्या वर्षी चुलत भावाने किती दिले, तो आकडा मनातून काढून टाका. ३२ परवडत नसेल तर आज १६ घ्या, पण मदरबोर्ड चार रॅम स्लॉटचा घ्या, म्हणजे पुढे आणखी जोडता येईल. डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही, हेही आधीच लक्षात असू द्या.

प्रोसेसरबद्दल फार डोकं शिणवू नका. सहा किंवा आठ कोअरचा, अलीकडच्या पिढीचा घ्या, बास. मात्र ऑनलाइन दिसणाऱ्या “आय-७, १६ जीबी, अगदी स्वस्त!” अशा जाहिरातींपासून सावध राहा. आय-७ हे नुसतं आडनाव आहे, पिढी पुढच्या आकड्यात लपलेली असते. आय-७ ४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालचा प्रोसेसर. आय-५ १२४०० म्हणजे बारावी पिढी, आणि हा आय-५ त्या आय-७ ला आरामात मागे टाकतो. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. म्हणजे तो स्वस्त पीसी घरी येतो तोच निवृत्तीच्या वयाचा.

इंटेलच्या मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असेल, जसं १२४००एफ, तर त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो, पण वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० चंही तसंच, त्याच्या ५६००जी या भावंडात मात्र ग्राफिक्स आहे.

मग ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच नाही का? घ्यायचं, पण कामाप्रमाणे. फोटो कापणं, रंग सुधारणं, चेहऱ्यावरचे डाग काढणं, बॅकग्राउंड बदलणं, एवढं इनबिल्ट ग्राफिक्सवर निभावतं. खरा फरक पडतो तो एआय डीनॉइजमध्ये. अंधाऱ्या हॉलमध्ये जास्त आयएसओवर काढलेले दाणेदार फोटो साफ करणारी ही सोय लाइटरूममध्ये २०२३ च्या एप्रिलमध्ये आली आणि ती जवळपास सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकते. इनबिल्ट ग्राफिक्सवर एका फोटोला काही मिनिटं लागू शकतात, चांगल्या कार्डावर काही सेकंद. रिसेप्शनचे २०० फोटो असे साफ करायचे असतील, तर एक रात्र आणि अर्धा तास इतका फरक पडतो. तुमचं काम असं असेल तर ८ जीबी मेमरीचं मधल्या किमतीचं कार्ड घ्या. नसेल तर कार्डाचे पैसे मॉनिटर आणि रॅमवर घाला. स्लॉट रिकामा राहतोच, कार्ड दोन वर्षांनीही बसवता येतं.

साठवणुकीसाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू असलेलं काम तिच्यावर ठेवा. संपलेलं काम मोठ्या साध्या हार्ड डिस्कवर हलवा. एका लग्नाचे ३००० रॉ फोटो, प्रत्येकी ३० एमबी धरले तरी ९० जीबी होतात, म्हणजे दहा लग्नांत १ टीबी भरत आली. पण साठवणूक म्हणजे बॅकअप नव्हे. पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरने सांगितलेला ३-२-१ नियम आता सगळीकडे वापरतात: फाइलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीसाठी क्लाउडचं भाडं परवडत नसेल, तर एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क माहेरी किंवा भावाकडे ठेवा आणि सणावाराला गेलात की ताजी करून आणा. लग्न पुन्हा लागत नाही आणि बाळ पुन्हा पहिलं पाऊल टाकत नाही, त्यामुळे हा खर्च यादीतून कापू नका.

सगळ्यात जास्त काटकसर जिथे होते आणि जिथे ती करू नये, तो भाग म्हणजे एसएमपीएस. स्वस्त कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा बिननावाचा एसएमपीएस नम्रपणे नाकारा. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ छाप असलेला, ५५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा घ्या. मधल्या किमतीच्या कार्डालाही तो साधारणपणे पुरतो. यूपीएस हवाच. कार्ड नसेल तर ६०० व्हीए पुरे, त्यावर फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. कार्ड असेल तर १००० व्हीए बघा. आणि ज्या प्लगला जोडणार, त्याला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हवा खेळती असली की झालं, काच आणि दिवे ही हौस.

सॉफ्टवेअरचा खर्च बजेटमध्ये धरायला लोक विसरतात. अडोबीचं दरमहा भाडं नको असेल तर डार्कटेबल आणि जिंप पूर्ण मोफत आहेत. शिकायला वेळ लागतो, पण चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या व्हायरसपेक्षा तो वेळ स्वस्त.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट आहेच. तुमच्या गावातलं ओळखीचं दुकानही चालेल, गरज पडली तर तोच माणूस घरी येतो. भावाची घासाघीस करा, पण “बिल नको असेल तर कमी करतो” याला बळी पडू नका. असेंबल्ड पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. म्हणून जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या.

पीसी दुकानातच चालू करून बघा. रॅमचा आकडा आणि प्रोसेसरचं नाव बिलाशी जुळतंय का, ते सेटिंगमध्ये दिसतं. मॉनिटरवर आधी पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा फोटो लावा, मेलेले पिक्सेल ठिपक्यासारखे उठून दिसतात. घरी जोडताना, कार्ड घेतलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नको. आणि मॉनिटरचा खोका भंगारवाल्याला देऊ नका. वॉरंटीत पाठवायची वेळ आली, तर त्या मापाचा दुसरा खोका मिळत नाही.