स्टेला तारीख हवी



आमच्या बावड्यात न्यायसंकुल आहे. त्यामुळे रिक्षात, चहाच्या गाड्यावर, अगदी दळणाच्या रांगेतही 'स्टे' हा शब्द कानावर पडतो. "स्टे मिळाला" म्हणणाऱ्याचा चेहरा असा, की जणू दावाच जिंकला. खरे तर तो तात्पुरता हुकूम. पण आपल्याकडे तात्पुरते म्हणजे किती दिवस?

कायद्यात याचे उत्तर आहे. समोरच्याला नोटीस न देता एकतर्फी मनाई दिली, तर तो अर्ज (कोर्टाच्या भाषेत निशाणी पाच) ३० दिवसांत निकाली काढण्याचा कोर्टाने प्रयत्न करावा, आणि जमले नाही तर कारणे लिहून ठेवावीत. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने हा नियम आला. त्याच दुरुस्तीने कॅव्हेटही आले. त्याची मुदत ९० दिवस. ती संपली की कॅव्हेट संपले. स्टे मात्र ३० दिवस उलटले तरी चालूच!

मी पडलो मास्तर. "गृहपाठ पूर्ण करण्याचा प्रयत्न करावा" असे फळ्यावर लिहिले असते, तर माझ्या टेबलावर किती वह्या आल्या असत्या?

इतर ठिकाणी हात एवढा सैल नाही. उच्च न्यायालयाने रिटमध्ये एकतर्फी स्थगिती दिली आणि बाधित पक्षाने ती उठवण्याचा अर्ज केला, तर दोन आठवड्यांत निर्णय व्हावा, नाहीतर स्थगिती उठते, असे राज्यघटनेच्या कलम २२६ मध्ये आहे. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत एकतर्फी मनाई १४ दिवसांची असते. सबळ कारण असेल तर आणखी तेवढीच वाढ, त्यापुढे समोरच्याची संमती लागते.

आता घरची गोष्ट. नातलग वाचतील, पण सांगतोच. १९८८ साली आम्ही चुलतभावाच्या भिंतीच्या बांधकामावर एकतर्फी स्टे आणला. महिना गेला, पावसाळा गेला. तारखा पडत राहिल्या. आमचे वकील म्हणाले, "आपल्याला कसली घाई?" खरेच नव्हती. अर्धवट भिंतीला ताडपत्री लावून त्याने मुलीचे लग्न केले. आम्ही अक्षता टाकायला गेलो, जेवायला थांबलो नाही. १९९० मध्ये तडजोड झाली. मोजणीत फरक निघाला वीतभर.

कोर्ट चुकले असे मी म्हणत नाही. ज्याच्या हाती स्टे, त्याला तारीख नको असते, हे मी स्वतःवरून सांगतो.

मग स्टे आपोआप उठावा का? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे केले होते : खटल्याची स्थगिती सहा महिन्यांनी संपणार, कारण देऊन वाढवली तरच पुढे. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्द केले. कोर्टाला वेळ झाला नाही, याची शिक्षा पक्षकाराला का? हे मला पटते. एखाद्या विधवेचे घर स्टेवरच उभे असेल, तर ते एकतिसाव्या दिवशी पडू नये.

माझे म्हणणे एवढेच, की नियमात आहे ते तरी पाळावे. ३० दिवसांच्या आतली सुनावणीची तारीख एकतर्फी हुकुमावरच लिहावी. निकाल झाला नाही तर त्याची कारणे दोन्ही पक्षांच्या हातात पडावीत. ३० दिवसांत निर्णय झाला नाही तर बाधित पक्षाला अपील करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. पण हे गावातल्या साध्या माणसाला सांगणार कोण? हुकुमाखाली दोन ओळी मराठीत छापल्या तरी पुरे.

वकिलांच्या अनेक वर्षांच्या लढ्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी वाचली. अंतर कमी झाले, आता दिवसही कमी व्हावेत.

असो. चुलतभाऊ आज नाही. भिंत आहे. तिच्याकडे बघितले की ते न जेवता परत येणे आठवते.