मुरवायचा हक्क कुणाचा?



अमरावती रोडने नागपुरात शिरताना वाडीला गोदामांची रांग लागते. तिथे माल थांबतो, आणि थांबता थांबता त्याचा भाव वाढतो. तो माल व्यापाऱ्याचा. आमचा कापूस अन् ज्वारी मात्र घरात आली की लगेच बाजारात जाते, कारण सावकार आणि सोसायटी थांबू देत नाहीत. माल थांबवायची ताकद ज्याच्याकडे, नफा त्याचा.

हाच हिशेब आज मधाला लावून पाहू. पुण्यात 'मूनशाइन'चा कारखाना मधापासून 'मीड' नावाचे सौम्य मद्य बनवतो. नाशिकला दोन महिलांनी 'सेराना' मीड सुरू केले. दोघांचे अभिनंदन. पण या मालात गुपित ते काय?

एक किलो मध, तिप्पट पाणी, आणि यीस्ट. पूर्ण आंबले तर मद्यार्क १२ टक्क्यांच्या आसपास जातो. मधात नत्र जवळजवळ नसते. उपाशी पिकासारखे यीस्टही अडखळते आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, म्हणून त्याला खुराक द्यावा लागतो. आंबून झालेले ताजे मीड घशाला झोंबते. गाळावरून काढून थंड जागी काही महिने ठेवले की धार मोडते, मधाचा सुगंध वर येतो. चव मिळमिळीत वाटली तर आंबटपणाला लिंबू, तुरटपणाला जांभूळ किंवा चहा. तेही आधी पेलाभर काढून, मोजून. जमले तरच पिंपात. नवे वाण आपण आधी गुंठाभर पेरून पाहतो, तसेच हे.

लोणचे मुरवणाऱ्या आमच्या मायबहिणींना हे जमणार नाही काय? जमेल. पण १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. परवान्याशिवाय घरात बरणीभर मीड करणे हाही गुन्हा. परवाना मागायचा तर शेड, यंत्रे, फी आणि कचेरीचे हेलपाटे. ते भांडवलवाल्यालाच झेपते.

याच सरकारने २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचे धोरण आणले. ज्वारी कारखान्याच्या पिंपात गेली की ते 'धोरण', मध शेतकऱ्याच्या बरणीत मुरला की तो 'गुन्हा'! हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, दारूने आधीच घरे बसली. खरे आहे. दारूची दुकाने बंद करायला रस्त्यावर उतरलेल्या बायांशी आमचे भांडण नाही. गावात गुत्ता हवा, असे आम्ही म्हणत नाही. चोरून करा, असेही सांगत नाही. कायदा आहे तोवर पोलीस गरिबालाच धरतील. आमचे म्हणणे एवढेच, की मद्य विकायला परवानगी द्यायचीच असेल, तर त्यातला पैसा फक्त शहरात का मुरावा?

मागण्या तीन. शेतकरी गटांना कमी फीचा लहान परवाना. मालाची तपासणी जिल्ह्यातच. आणि वैशाखात ४५ अंशांवर तापणाऱ्या आमच्या मुलखात गटांसाठी थंड साठवण.

मधमाशी आमच्या तुरीवर, संत्र्यावर बसते. फवारणीचे विष तिच्यासोबत आम्हीही सोसतो. २०१७ चे यवतमाळ विसरू नका. मग कच्चा माल तेवढा आमचा आणि मुरलेला माल दुसऱ्याचा, हे किती दिवस चालवून घ्यायचे?

जिल्हा बैठकीत ठराव मांडू. हात वर करायला या.