दुकानाच्या कॉम्प्युटरला सात ओळींचा मेनू पुरतो



झेरॉक्स-प्रिंटचं दुकान, ऑनलाइन फॉर्म सेंटर किंवा छोटं बिलिंग काउंटर सुरू करायचं ठरलं की खर्चाच्या यादीत पहिली ओळ ठरलेली असते: नवीन कॉम्प्युटर. माझं मत सरळ सांगतो. घरात किंवा ओळखीत चालू स्थितीतला जुना कॉम्प्युटर असेल, तर ती ओळ सध्या खोडा. एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या काउंटरवर रोज होणारी कामं लिहा. जास्तीत जास्त सात ओळी. त्याच सात ओळी तुमच्या कॉम्प्युटरचा मेनू झाल्या पाहिजेत. बाकी काही स्क्रीनवर दिसायची गरज नाही.

हा काटकसरीचा सल्ला आहे, पण फक्त काटकसरीचा नाही. कॉम्प्युटरचा मेनू लिहायला बसलं की आपला धंदा नेमका कोणत्या कामांवर चालणार आहे, हे कागदावर उतरतं. पुष्कळ जण हे दुकान उघडल्यावर शोधत बसतात.

आत्ताच का सांगतोय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. मुदतवाढीची वेगळी सोय आहे, पण ती नावाप्रमाणे मुदतीचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे कितीतरी कॉम्प्युटर असे आहेत, की यंत्र धडधाकट आहे पण कागदोपत्री रिटायर झालंय. असे डबे आज घरोघरी आणि ऑफिसच्या माळ्यावर पडून आहेत.

दुसरीकडे तुमचं भांडवल बघा. मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात कर्जाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. त्यातला मोठा वाटा नव्या कॉम्प्युटरला गेला, तर प्रिंटर, लॅमिनेशन मशीन, कागदाचे रीम आणि पहिल्या दोन महिन्यांचं भाडं कुठून आणणार? ग्राहक तुमच्याकडे प्रिंट घ्यायला येतो, कॉम्प्युटर किती नवा आहे हे बघायला येत नाही.

ओपनबॉक्स म्हणजे काय?

लिनक्सवर विंडो मॅनेजर नावाचा एक प्रोग्राम असतो. खिडकीची चौकट काढणं, ती हलवणं, लहान-मोठी करणं, बंद करणं, एवढंच त्याचं काम. ओपनबॉक्स हा त्यातला एक हलका विंडो मॅनेजर. डेबियन लिनक्सवर तो मोफत बसतो. सुरू केला की समोर रिकामी स्क्रीन. खाली पट्टी नाही, आयकॉन नाहीत, घड्याळसुद्धा नाही. रिकाम्या जागेवर राइट क्लिक केलं की मेनू उघडतो. त्या मेनूत काय असावं, कोणत्या क्रमाने असावं आणि कोणत्या नावाने असावं, हे सगळं तुम्ही ठरवायचं.

त्याची ३.६.१ ही आवृत्ती २०१५ मधली आहे आणि आजही तीच वापरात आहे. कोणी म्हणेल, म्हणजे जुनाट झालं की! धंद्यासाठी मी हा गुण मानतो. आज शिकलेलं पुढच्या वर्षी बदललं तर काउंटरवरच्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ओपनबॉक्स हलका आहे, ब्राउझर हलका नाही. २ जीबी रॅमवर चार टॅब उघडले की मशीन दमणारच. रॅम किमान ४ जीबी करा आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. खर्च करायचाच असेल तर तो इथे करा.

सात ओळी कशा ठरवायच्या?

मिसळीच्या चांगल्या दुकानातला फळा आठवा. मिसळ, एक्स्ट्रा पाव, ताक, चहा. गिऱ्हाईक फळ्याकडे बघतं आणि लगेच ऑर्डर देतं. शंभर पदार्थांचं पुस्तक हातात दिलं की तोच माणूस पाच मिनिटं पानं उलटतो. कॉम्प्युटरचा नेहमीचा मेनू हे शंभर पदार्थांचं पुस्तक आहे. आपल्याला फळा करायचाय.

नियम एकच: ओळीवर कामाचं नाव लिहा, सॉफ्टवेअरचं नाही. ‘लिबर ऑफिस कॅल्क’ असं लिहिलं तर नवीन मुलगा विचारणार, यात काय करायचं? ‘नवीन बिल’ लिहिलं तर विचारावंच लागत नाही. फॉर्म सेंटर आणि झेरॉक्सच्या दुकानासाठी मी असा मेनू करेन:

१. आलेल्या फाइल: व्हॉट्सअॅप, मेल आणि पेनड्राइव्हवरून घेतलेल्या फाइलचं एकच फोल्डर उघडतं.
२. स्कॅन: स्कॅनरचा प्रोग्राम थेट सुरू.
३. फॉर्म: आत छोटा उपमेनू. प्रत्येक ओळ ब्राउझरमध्ये त्या-त्या सरकारी साइटचा बरोबर पत्ता उघडते.
४. पासपोर्ट फोटो: आधीच मापं घालून ठेवलेली शीट उघडते.
५. नवीन बिल: बिलाचा कोरा नमुना उघडतो.
६. बाकी कामं: संध्याकाळपर्यंत द्यायच्या ऑर्डर.
७. दिवस बंद: ग्राहकांच्या फाइल पुसणे आणि मशीन बंद करणे.

तिसरी ओळ साधी वाटते, पण महत्त्वाची आहे. साइटचं नाव दरवेळी सर्चमध्ये टाकलं की कधीतरी हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर क्लिक होतंच, आणि ग्राहकाचे पैसे जातात. मेनूत पत्ता एकदा तपासून लिहिला की ही चूक होण्याची वाट पुष्कळ अरुंद होते.

क्रम ठरवताना अंदाज नको. एक आठवडा वही ठेवा, प्रत्येक कामाला एक रेघ मारा. जास्त रेघा ज्या कामाला, ते सर्वात वर. तीन रेघासुद्धा न मिळालेलं काम मेनूत कशाला? ते करायचंच असेल तर त्याचे दर तरी वाढवा.

प्रत्यक्ष करताना लक्षात ठेवा

सगळा मेनू एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतो. तिचं नाव मेनू डॉट एक्सएमएल. तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिग फोल्डरात ओपनबॉक्सचं फोल्डर असतं, त्यात ही फाइल ठेवायची. प्रत्येक ओळीला दोन गोष्टी लागतात: दिसणारं नाव आणि चालवायची आज्ञा. नेमक्या ओळी इंग्रजीत टाइप करायच्या आहेत, त्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवल्या आहेत. इथे फक्त अडखळायच्या जागा सांगतो.

पहिली: बदल करण्याआधी फाइलची एक प्रत करून ठेवा. एक कंस राहिला तरी मेनू बिघडतो. ‘झेरॉक्स आणि प्रिंट’ लिहिताना ‘आणि’च्या जागी इंग्रजी अँड-चिन्ह तसंच टाकलं तरी फाइल बिघडते. ‘आणि’ असंच लिहा.

दुसरी: नावं बिनधास्त मराठीत द्या. ओपनबॉक्स अक्षरं मांडायला पँगो वापरतो, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट दिसतात. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट तेवढा बसवून घ्या.

तिसरी: नावाआधी इंग्रजी आकडा टाका आणि आकड्याच्या आधी अंडरस्कोर. मग मेनू उघडून तो आकडा दाबला की काम सुरू. माउस खराब झाला म्हणून काउंटर थांबत नाही. मेनू कीबोर्डवरून उघडण्यासाठी आरसी डॉट एक्सएमएल या दुसऱ्या फाइलमध्ये एक बटण ठरवून घ्यावं लागतं.

चौथी: सहाव्या ओळीसाठी पाइप मेनू वापरा. यात मेनूतली नावं आधी लिहून ठेवलेली नसतात. ओळीवर गेलं की एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि ती जे देईल ते मेनूत दिसतं. ‘बाकी’ नावाच्या फोल्डरातल्या फाइलची यादी दाखवायला तिला सांगा. ऑर्डर दिली की फाइल त्या फोल्डरातून हलवायची, मेनूतून ती आपोआप जाते. चिठ्ठ्या चिकटवायची गरज नाही.

पाचवी: सातव्या ओळीला ‘नक्की पुसायचं का?’ असा प्रश्न लावा. ओपनबॉक्समध्ये आज्ञा चालवण्याआधी असा प्रश्न विचारायची सोय आहे. पुसायची आज्ञा थेट मेनूत न लिहिता स्क्रिप्टमध्ये लिहा, कारण ‘सगळ्या फाइल’ दाखवणारं चांदणीचं चिन्ह मेनूच्या आज्ञेत चालत नाही.

बदल झाले की ओपनबॉक्सला ‘रीकॉन्फिगर’ करायला सांगायचं. मशीन पुन्हा सुरू करावं लागत नाही.

सातवी ओळ टाळू नका

ज्या दुकानात आधार, पॅन, मार्कशीट, जातीचा दाखला रोज स्कॅन होतात, तिथल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर लोकांची आयुष्यं पडलेली असतात. पुढच्या ग्राहकाला ती सहज दिसतात. पेनड्राइव्ह लावून उचलताही येतात. एखाद्या बाईच्या आधार कार्डाचा गैरवापर झाला आणि गावात तुमचं नाव निघालं, तर कोणतीही जाहिरात ते पुसू शकत नाही. फाइल पुसणं मालकाच्या आठवणीवर सोडू नका. दिवस बंद करायच्या त्याच ओळीत ते काम ठेवा, म्हणजे पुसल्याशिवाय घरी जाता येणार नाही.

आणि एक गैरसमज दूर करतो. मेनूतून काढलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही. ज्याला माहीत आहे तो दुसऱ्या वाटेनेही प्रोग्राम उघडू शकतो. म्हणून मालकाचं खातं वेगळं, काउंटरचं खातं वेगळं ठेवा आणि हिशोबाचं फोल्डर काउंटरच्या खात्याला उघडणार नाही अशी परवानगी लावा. मेनूची फाइल प्रत्येक खात्याची स्वतंत्र असते, त्यामुळे दोघांचा फळा वेगळा ठेवता येतो.

‘सर, आयकॉनने पण हेच होतं की!’

होतं, चार दिवस. मग आयकॉन सरकतात, चुकून डिलीट होतात, त्यांच्यात ग्राहकांच्या फाइल मिसळतात. मेनू मात्र एका छोट्या फाइलमध्ये आहे. ती पेनड्राइव्हवर घेतली की दुसऱ्या काउंटरवर तोच मेनू काही मिनिटांत तयार. तिथे तेच प्रोग्राम, स्क्रिप्ट आणि नमुने असले की झालं. उद्या दुसऱ्या गावात शाखा काढलीत तर तिथला मुलगाही त्याच सात ओळींवर शिकेल. मोठ्या साखळी दुकानांची ताकद यातच असते: काम माणसाच्या डोक्यात अडकलेलं नसतं, लिहिलेलं असतं. मुलगा सोडून गेला तरी मेनू जात नाही.

कुठे हा मार्ग घेऊ नका

तुमचं रोजचं काम टॅलीवर असेल तर विंडोजच ठेवा. कोरल ड्रॉ किंवा फोटोशॉपवर लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणार असाल तरीही तेच. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या मराठी फाइल सतत येत असतील, बोटाचा ठसा घेणारं मशीन वापरायचं असेल किंवा डिजिटल सिग्नेचरचा टोकन रोज लागत असेल, तर आधी चाचणी घ्या, मग ठरवा. ‘यूट्यूबवर सरांनी सांगितलं’ हे कारण पुरेसं नाही.

चाचणी सोपी आहे. पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स घ्या, जुन्या मशीनवर काहीही न पुसता त्यावरून सुरू करा आणि तुमचाच प्रिंटर, तुमचाच स्कॅनर लावून बघा. प्रिंट आली, स्कॅन झालं, तुमच्या रोजच्या तीन साइट उघडल्या, तर पुढे जा. नाही झालं तर तुमचे पैसे गेले नाहीत, फक्त एक दुपार गेली.

या आठवड्याचं काम

कॉम्प्युटरला हात न लावता आधी कागदावर सात ओळी लिहा. दुकान अजून सुरू झालं नसेल तरीही लिहा. मग तो कागद घरातल्या अशा माणसाला दाखवा, ज्याला तुमच्या धंद्याची काहीच कल्पना नाही. वाचून त्याला ‘इथे काय काय मिळतं’ हे सांगता आलं, तर तुमचा मेनू तयार आहे. नाही सांगता आलं, तर कर्जाचा फॉर्म भरायची घाई करू नका. आधी त्या ओळी नीट करा.