आधी तागा उतरू द्या, मग गुलाल उधळा!



लोकसभेची निवडणूक समोर दिसू लागली की आपल्याकडे एकच बोलणं सुरू होतं. चाळीत तेच, चहाच्या टपरीवर तेच, पाळी सुटल्यावर गिरणीच्या दारात तेच. "यंदा आपलीच! सीमेबद्दल बोलणारे सगळे निवडून येणार! सहा महिन्यांत बेळगाव महाराष्ट्रात!" कालच्या सभेला मैदान भरलं म्हणून आज गुलालाची पोती सांगून ठेवायची घाई. बाजारात तुरी आणि घरात मारामारी, अशातली ही गत!

आम्ही सीमाप्रश्नाचे विरोधक नव्हे. आमचे आजोबा 'बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा देत पुण्याच्या रस्त्यांवरून चालले आहेत. त्यांच्या पाठीवर लाठीचे वळ होते. म्हणूनच आम्हाला बोलायचा हक्क आहे, आणि म्हणूनच आम्ही कडू बोलणार आहोत.

आपण गिरणीतली माणसं. साच्यावर सूत चढलं म्हणून कुणी कधी पगार मागितला आहे का? तागा विणून उतरावा लागतो. मग तो मोजला जातो, डाग आणि तूट बघितली जाते, खराब निघाला तर पैसे कापले जातात. त्यानंतर हातात पडतो तो दाम. मग निवडणुकीतच आपण सूत बघून दाम का मागतो? गर्दी म्हणजे सूत. मत म्हणजे विणलेलं कापड. आणि मोजून झाल्यावर हाती राहतं ते बळ म्हणजे दाम. ह्या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एक समजल्यामुळे आपण वारंवार फसलो आहोत.

१९५२ सालची गोष्ट घ्या. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक. ज्यांनी घटना लिहिली ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मुंबईत, गिरण्यांच्या मुंबईत, लोकसभेला उभे राहिले. ते पडतील असं कुणाला वाटलं होतं? पण पडले! काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवलं. मतदारसंघ दोन जागांचा होता, त्यामुळे प्रत्येकाला दोन मतं होती. त्या वेळी शिक्का मारायचा नव्हता. ज्या त्या उमेदवाराची पेटी असे, तीत मतपत्रिका टाकायची. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत पडल्या तर त्यातली एक बाद. अशी ७४ हजारांवर मतं बाद झाली आणि ती वाया घालवण्याचा प्रचार जाणूनबुजून झाला, अशी बाबासाहेबांची तक्रार होती. ते दाद मागायला गेले, पण निकाल काही फिरला नाही.

ह्यातून काय घ्यायचं? एवढा मोठा माणूस, एवढी मोठी त्याची माणसं, तरी पेटीपाशी घोटाळा झाला आणि सगळं गेलं. सभेत टाळी वाजवणारा हात पेटीपाशी नीट पोचला का, हे बघायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही आणि आम्ही.

आता १९५७ बघा. आपल्या चळवळीची ही सर्वांत अभिमानाची निवडणूक. १९५५ च्या नोव्हेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले, आपली माणसं पडली. ६ फेब्रुवारी १९५६ ला ह्याच पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्या गळ्यात गुजरातसह द्वैभाषिक राज्य बांधलं गेलं. लोक चिडले होते, आणि लोकांनी मतपेटीतून जाब विचारला. पुण्यात नानासाहेब गोरे लोकसभेवर गेले, तेही काकासाहेब गाडगिळांसारख्या मातब्बराला हरवून. मुंबईत कॉम्रेड डांगे निवडून आले. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडला दोन हजारांहून कमी मतांनी कसेबसे वाचले. आमच्या घरात त्या निकालाच्या गोष्टी सांगताना म्हातारी माणसं अजून हसायची.

पण पुढची गोष्ट ती हळू आवाजात सांगायची. विधानसभेच्या जागा होत्या ३९६, आणि काँग्रेसला मिळाल्या २३४. राज्य तिचंच आलं! कसं काय? पुणं आपलं, मुंबईचा मोठा भाग आपला, घाटावर आपण जोरात, पण गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा ह्यांची बेरीज त्यांच्या पारड्यात पडली. आपण आपल्या पेठा मोजल्या आणि म्हणालो की मुलूख जिंकला. मुलूख पेठेपेक्षा मोठा होता.

ज्यांनी आधीच 'समितीचं मंत्रिमंडळ' वाटून टाकलं असेल त्यांचं निकालानंतर काय झालं असेल, कल्पना करा. पण ज्यांनी आधीच ओळखलं होतं की ही लढाई एका निवडणुकीत सुटायची नाही, ती माणसं निकालानंतर घरी बसली नाहीत. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला प्रतापगडावर आले, तेव्हा हजारो माणसं काळी निशाणं घेऊन वाटेवर शिस्तीने उभी होती. तो धाक दिल्लीला बसला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तो अशा धीराच्या माणसांमुळे.

झाला, पण पुरा झाला का? बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिलं. आणि आपण काय केलं? अर्धा तागा उतरल्यावर साचा बंद करून गुलाल खेळलो! समितीतले पक्ष एकमेकांपासून तुटले. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने नेल्या. पुण्याची लोकसभेची जागा परत गेली. मुंबईत डांगे पडले. पाच वर्षांपूर्वी ज्या रस्त्यांवर मुंगीला जागा नव्हती त्याच रस्त्यांवर हे झालं. लोक बेइमान झाले असं आम्ही म्हणणार नाही. लोकांना वाटलं, काम झालं. आणि सीमेवरचा मराठी माणूस मात्र एकटा पडला.

गिरणी कामगाराला ह्याहून जवळची गोष्ट हवी असेल तर तीही आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९८४ च्या डिसेंबरात देशभर काँग्रेसची लाट असताना दत्ता सामंत मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. केवढा विजय! पण त्या विजयाने किती गेट उघडली? किती बदली कामगार परत साच्यावर उभे राहिले? खासदार मिळाला, गिरणी मिळाली नाही. जागा जिंकणं आणि प्रश्न जिंकणं ह्यात केवढं अंतर आहे, ते आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

आता आजच्या बोलण्याकडे येऊ. "आपले खासदार गेले की दिल्लीत सीमा बदलून आणतील," असं काही उत्साही मित्र सांगतात. आम्ही शिकलो चौथीपर्यंत, पण बेरीज-वजाबाकी आम्हाला येते. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्याची हद्द बदलायचा अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपतींनी त्या त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवायचं, पण शेवटचा शब्द संसदेचा. लोकसभेत जागा आहेत ५४३. बहुमताला लागतात २७२. महाराष्ट्राचे खासदार ४८. सगळेच्या सगळे ४८ आपल्या बाजूने उभे राहिले, असं घटकाभर धरू, तरी २२४ कमी! आणि समोर कर्नाटकाचे २८ बसलेले. ही वजाबाकी सभेत कुणी सांगतं का?

न्यायाचा रस्ता म्हणाल तर महाजन आयोगाने १९६७ साली बेळगाव त्यांच्याकडे ठेवायचा सल्ला दिला, तो महाराष्ट्राने मानला नाही. महाराष्ट्र सरकारने २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा घातला, त्याला वीस वर्षं उलटून गेली तरी निकाल नाही. डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. ठराव चांगला, पण ठरावाने सातबारा बदलत नाही.

आणि सीमेवर काय झालं, तेही डोळे उघडून बघा. जिथून एकीकरण समितीचे आमदार निवडून जात, तिथे २०१३ साली दोन आले. २०१८ साली समितीत दोन तट पडले, आपलाच माणूस आपल्याच माणसासमोर उभा राहिला, आणि एकही आला नाही. २०२३ साली एकी जुळवून उमेदवार उभे केले, तरीही एक नाही. गेलेलं मत घोषणेने परत येत नाही. तुटलेला धागा वेळेवर सांधला नाही तर पुढचा सगळा कपडा फुकट जातो, हे नव्या पोराला आपण पहिल्याच दिवशी शिकवतो. स्वतः मात्र विसरतो.

काहीजण आम्हाला म्हणतील, "निवडणुकीच्या तोंडावर असं बोलून कार्यकर्त्यांचा उत्साह का मोडता?" आम्ही उत्साह मोडत नाही. खोटी आशा उत्साह मोडते! 'नक्की येणार' असं ऐकलेला माणूस मतदानाला जात नाही, कारण त्याच्या एका मतावाचून काय अडणार? आणि निकाल उलटा लागला की तोच माणूस म्हणतो, "सगळं खोटं आहे, आता ह्यात पडायचं नाही." म्हणजे निवडणुकीआधी आळस आणि निवडणुकीनंतर निराशा. हे दोन्ही रोग एकाच दारूने होतात.

पुण्याचंच बघा. २०१९ च्या लोकसभेला पुण्यात निम्म्या मतदारांनी मतच दिलं नाही. २०२४ ला शंभरातल्या सुमारे ५४ जणांनी दिलं, बाकीचे घरी. आमच्या पाळीतली नऊ माणसं त्या वेळी एका सभेला घोषणा देत गेली होती. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई चौघांच्या! दोघांची नावं अजून गावच्या यादीत. एकाने खोली बदलली आणि यादी बदलली नाही. दोघांना कामावर बोलावलं, ते मुकाट्याने गेले. नवातले पाच असे गळाले, आणि आपण मैदान भरलं म्हणून नाचत होतो.

म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, गुलाल नंतर. आधी हे काम.

आपलं नाव यादीत आहे का, ते आज बघा. नसेल तर सहा नंबरचा अर्ज भरा, खोली बदलली असेल तर आठ नंबरचा. स्वतःचं झालं की शेजारच्या दोन खोल्यांचं बघा. ज्याला वाचता येत नाही त्याच्याजवळ बसून भरा. आमच्यासारख्या चौथी शिकलेल्याला जमतं, तुम्हालाही जमेल.

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात १३५ ब हे कलम त्यासाठीच आहे, आणि रोजंदारीच्या माणसालाही ते लागू आहे. बदली कामगाराने आधीच युनियनला सांगावं. त्या दिवशी कुणी कामावर बोलावलं तर एकट्याने भांडू नका, सगळे मिळून जा.

उमेदवार दारात आला की हार घालण्याआधी प्रश्न घाला. "बेळगावचं काय?" एवढ्यावर तो 'जय महाराष्ट्र' म्हणून निघून जाईल. त्याला विचारा, "४८ च्या पुढचे २२४ कुठून आणणार? इतर राज्यांतल्या कुणाशी बोललात? कोर्टातला दावा पुढे सरकावा म्हणून काय करणार?" उत्तर लिहून घ्या. लिहून न देणाऱ्याचा शब्द किती मीटर भरेल, ते तुम्हीच ठरवा.

आणि शेवटचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं, ते आजच ठरवा. जिंकलो तर मिरवणूक एक दिवस, आणि तिसऱ्या दिवशी खासदाराच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं. हरलो तर रडणं एक रात्र, आणि सकाळी पाळीवर जाताना पुन्हा सभासदाची पावती फाडायची. १९५७ नंतरच्या माणसांनी हेच केलं. १९६० नंतर आपण ते सोडलं.

सीमेवरची मराठी माणसं आपल्या सभेची गर्दी टीव्हीवर बघतात आणि त्यांना वाटतं, पुणं आपल्या पाठीशी आहे. त्यांना पुन्हा एकदा खोटं सूत दाखवू नका. थोडं कापड द्या, पण पक्कं द्या.

बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! होईल तेव्हा गुलाल आम्हीच आणू. तोवर साचा चालू ठेवा!