दवाखान्यातला आकडा, घरातला आकडा

आगाशीच्या 72 वर्षांच्या एक आजी गेली काही वर्षे माझ्याकडे तपासणीसाठी येतात. एकदा त्यांचा रक्तदाब 168/94 भरला, पंधरा दिवसांनी पुन्हा जवळपास तेवढाच. मी गोळीची मात्रा वाढवली. आठवडाभरातच पहाटे अंथरुणातून उठताना भोवळ येऊन त्या पडल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. मुलाने घरी मोजलेला वरचा दाब तेव्हा 104 होता.

जो प्रश्न आधीच विचारायला हवा होता, तो मी त्यानंतर विचारला. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही तो पट्टा हातात घेतलात की छातीत धडधडतं. आमच्या ह्यांना असाच दाब बघून इस्पितळात नेलं होतं, ते परत आलेच नाहीत."

वाचकहो, हे मनाचे दुबळेपण नव्हे. भीती वाटताच शरीरात ॲड्रिनलिन स्रवते, हृदय वेगाने धावते, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. यालाच 'व्हाइट कोट' परिणाम म्हणतात. 1983 साली इटलीतील डॉ. मान्चिया व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या धमनीतील दाब सतत नोंदवला. डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा दाब सरासरी सुमारे 27 आणि खालचा सुमारे 15 अंकांनी वाढल्याचे त्यांना आढळले.

त्यात वसई रोड स्थानकाच्या पुलाच्या पायऱ्या, रिक्षाची रांग आणि 'नंबर कधी लागणार' ही घालमेल यांची भर पडते. म्हणून दवाखान्यात थोडे लवकर पोहोचा. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू टाळा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. श्वास सावकाश घ्या, त्याहूनही सावकाश सोडा. मोजताना बोलू नका. आकडा जास्त आला, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजण्याची विनंती निःसंकोच करा. भीती वाटते, हेही सांगा.

खरा आधार मात्र घरच्या नोंदींचा. दंडावर बांधायचे, योग्य मापाचा पट्टा असलेले यंत्र घ्या. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर असावा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरी ती 135/85 च्या खाली असेल आणि दवाखान्यात दाब 140/90 किंवा अधिक भरत असेल, तर वही डॉक्टरांना दाखवा. शंका उरल्यास चोवीस तासांची नोंद घेणारे यंत्र लावता येते.

घरच्यांनी दर तासाला पट्टा बांधू नये. त्याने धास्तीच वाढते. 'एवढं काय घाबरायचं?' असे म्हणण्यापेक्षा शेजारी बसावे.

मात्र 'हा तर भीतीचा दाब' असे ठरवून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. अशा व्यक्तींचा दाब पुढे कायमचा वाढू शकतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी. दाब 180/120 च्या वर असून छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा अशक्तपणा असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठा.

आजींची मात्रा मी पूर्ववत केली. आता त्या आल्या की पट्टा बाजूला राहतो. आधी वही उघडतो, मग बोलतो, आणि दाब शेवटी मोजतो.