खसखस खाल्ली आणि तपासणीत मॉर्फिन निघाले!



दिवाळीचे अनारसे, बाळंतिणीचे लाडू, थंडीतली खीर. आपल्या घरात खसखस लागतेच. आता खेड्यातली मुलेही जहाजावर, विमान कंपनीत नोकरीला जातात आणि तिथे लघवी तपासून मादक पदार्थ शोधतात. म्हणून ही माहिती घरात असावी.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. बियात नशा नसते. पण बोंडाचा चीक बियांना लागलेला असतो. त्यातून मॉर्फिन आणि कोडीन अल्प प्रमाणात पोटात जाते. (खसखस खाणे कायदेशीर आहे. ती परसात पेरू मात्र नका. परवान्याशिवाय अफू लावणे १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे.)

पहिली चाचणी बहुधा पट्टीवर होते. या पट्टीवर रेघ उमटली तर निर्दोष, न उमटली तर संशय. गरोदरपणाच्या पट्टीच्या नेमके उलट. मॉर्फिन आहे एवढे पट्टी सांगते, ते कुठून आले हे तिला कळत नाही. बैल पिकात दिसला, पण कुणाच्या दावणीचा ते ठाऊक नाही, तशातली गत. अमेरिकेत सरकारी तपासणीची मर्यादा दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! खसखशीचे पाव खाणारेही त्यात अडकू लागले, तेव्हा १९९८ साली ती २००० केली.

खरा निवाडा दुसऱ्या चाचणीत होतो. लघवीतले पदार्थ वेगळे काढून, तापवून, वाफ करून केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब नळीतून सोडतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो. पुढे यंत्र त्याचे तुकडे करून वजनावरून त्याला ओळखते. हेरॉइन शरीरात गेले की मिनिटांत त्याचे मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन होते, मग मॉर्फिन. हा मधला पदार्थ खसखशीतून येत नाही. सापडला तर हेरॉइनचाच माग लागला. पण तो लघवीत जेमतेम दिवसभर टिकतो, त्यामुळे तो नाही म्हणून कुणी निर्दोषही ठरत नाही.

तरी नुसत्या पट्टीवर पोराची नोकरी घालवणे मला पटत नाही. तपासणीआधी चार-पाच दिवस खसखस वर्ज्य करावी. खाल्ली असल्यास आणि काही औषध चालू असल्यास नमुना देतानाच लिहून द्यावे. पट्टीत दोष निघाला तर त्याच नमुन्याची प्रयोगशाळेत दुसरी चाचणी लेखी मागावी.