शिक्का नको, पायरी बघा

काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी; म्हणून शिक्षकाने प्रत्येकाची शैली ओळखावी आणि आपले शिकवणे तिच्याशी जुळवून घ्यावे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हा विचार इतका रुजला आहे की त्यावर शंका घेणारा मुलांच्याच विरोधात आहे असे वाटावे. त्यामागची तळमळ मला मान्य आहे. घोकंपट्टीला कंटाळलेल्या शिक्षकांना त्याने धीर दिला. पण तळमळ खरी म्हणून सिद्धांत खरा ठरत नाही, आणि वाशीम जिल्ह्यातल्या शाळांना तर तो भलत्याच वाटेला लावतो.

कसोटी सरळ आहे. ‘दृक्’ ठरलेल्या निम्म्या मुलांना चित्रांतून शिकवा, निम्म्यांना बोलून. ‘श्राव्य’ मुलांचेही तसेच करा आणि सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. पहिली चित्रांनी आणि दुसरी ऐकून जास्त शिकली, तर सिद्धांत खरा. हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन याच कसोटीला लावले. तिला उतरतील असे अभ्यासच मोजके निघाले, आणि त्यांतल्या अनेकांचे निष्कर्ष सिद्धांताच्या उलट होते. त्याआधी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड यांच्या गटाला शैलींची ७१ प्रारूपे सापडली होती. शिक्षकाने त्यातले कोणते धरायचे? दाखला म्हणून हॉवर्ड गार्डनर यांची बहुविध बुद्धिमत्ता पुढे केली जाते. पण बुद्धिमत्ता आणि शैली एक नव्हेत, हे खुद्द गार्डनर यांनीच जाहीरपणे सांगितले आहे.

कसे शिकवायचे हे मुख्यतः विषय ठरवतो. पैनगंगेचा मार्ग नकाशावरच दाखवावा लागतो, कविता कानावरच पडावी लागते.

चौथीतल्या मुलाने ४२ वजा १७ चे उत्तर ३५ लिहिले, तर त्याची शैली कोणती हे विचारून काय मिळणार? त्याने सातातून दोन वजा केले, कारण मोठ्यातून लहान जाते एवढेच त्याला ठाऊक आहे. तुऱ्हाटीच्या काड्यांचे दहादहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवा. एक गठ्ठा सोडला की सुट्या बारा होतात. त्यातल्या सात गेल्या, पाच उरल्या. तीन गठ्ठ्यांतला एक गेला, दोन उरले. पंचवीस. मुलाने हे हाताळले, पाहिले आणि तोंडाने म्हटलेही.

आणि शिक्क्याचा धोका तर याहून मोठा आहे. वाचता न येणाऱ्या मुलीला ‘कृतिशील’ ठरवले की तिच्या हाती चिकटकामाचा कागद येतो आणि पुस्तक दूर जाते. ज्या कौशल्यात ती मागे आहे, नेमके तेच शैलीच्या नावाखाली सुटते. हा मला अन्याय वाटतो.

मग सगळ्यांना एकाच काठीने हाकायचे का? मुळीच नाही. मुलामुलांत फरक आहेत, फक्त ते दुसरीकडे आहेत. मानोरा, मंगरुळपीरच्या बंजारा तांड्यांवर आईला याडी म्हणणारे, घरी गोरबोली बोलणारे मूल पहिलीत येते आणि पुस्तकाची मराठी त्याच्या कानाला परकी लागते. आईबाप ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेले की त्याचे काही महिने बुडतात. परत येते तेव्हा वर्ग हातच्याच्या वजाबाकीवर आणि ते अजून दशकावर. भाषा आणि पायरी, शिकवणे जुळवायचे ते या दोन गोष्टींशी. साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोनच शिक्षक मिळतात. चार इयत्ता सांभाळणाऱ्या त्या दोघांना प्रत्येकाची शैली शोधणे जमणार नाही, पण पायरीनुसार गट करणे जमेल.

आणि त्याला पुरावा आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून वाचन आणि अंकज्ञानाचा पाया पक्का करून घेत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी केली; २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांचे गुण स्पष्ट वाढलेले दिसले. त्याच्याही कितीतरी आधी, १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने वापरून मुलांना शिकवले. मुलांचे रोजचे जगणे हाच त्यांनी शिकवण्याचा आधार केला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेतून शिकवा म्हणते. तेव्हा जिल्ह्यात शिक्षकांची प्रशिक्षणे आखणाऱ्यांना माझी विनंती आहे: शैलीच्या प्रश्नावल्या बाजूला ठेवा. तो वेळ शिक्षकांना गोरबोलीतले रोजचे शब्द शिकवायला, तांड्यावरच्या शिकलेल्या मुलींना मदतनीस म्हणून तयार करायला आणि प्रत्येक मूल कोणत्या पायरीवर आहे हे तपासायला द्या.